बालकांचा बाप्तिस्मा आणि आईबापांचें वचन

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं धर्मग्रामाचा इतिहास सांगतांना देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरु येथें सेवा करून गेले, हें सर्व सांगितलें जातें व तें योग्यच आहे. परंतु धर्मग्रामाचा खरा इतिहास ज्या एका ग्रंथांत सांठविलेला असतो तो सहसा कोणी उघडून पाहत नाहीं. तो ग्रंथ म्हणजे बाप्तिस्म्याचें पुस्तक. त्यांतील प्रत्येक नोंदींत एका बालकाचें नांव असतें. पण तें एकटें नसतें. त्याच्या शेजारीं बापाचें नांव असतें, आईचें असतें, धर्मपित्याचें व धर्ममातेचें असतें, आणि शेवटीं पाणी घालणाऱ्या धर्मगुरूची सही असते. ज्याचा बाप्तिस्मा झाला त्यानें त्या दिवशीं रडण्यापलीकडे कांहीं केलेलें नसतें. त्याच्या वतीनें जे बोलले, त्यांचीं हीं नांवें होत.

हीं नांवें तेथें कां लिहिलेलीं आहेत, ह्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें असतां पवित्र ख्रिस्तसभेचा जवळजवळ दोन हजार वर्षांचा इतिहास चाळावा लागतो. त्या इतिहासांतून एक गोष्ट स्पष्ट होते. बोलतां न येणाऱ्या बालकास ख्रिस्तसभेनें बाप्तिस्मा दिला तो नेहमीं कोणी तरी जामीन राहिल्यावरच दिला. जेथें जामीन राहणाऱ्यांनीं आपला शब्द पाळला तेथें धर्म राजांच्या कोपांतही टिकला. जेथें शब्द तोंडावरचा राहिला तेथें देवळें उभीं असूनही धर्म वाळून गेला. आपल्या आईबापांनीं आपल्यासाठीं काय कबूल केलें होतें व आपण आपल्या लेंकरांसाठीं काय कबूल करीत असतों, हें ह्या निमित्तानें पाहूं.

प्राचीन ख्रिस्तसभेची रीति

नव्या करारांत तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याचें स्वतंत्र वर्णन नाहीं. परंतु घरादारासह बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबांचा उल्लेख मात्र वारंवार येतो. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया व तिचें घर, फिलिप्पै येथील तुरुंगाचा अधिकारी व त्याचें घर, करिंथ येथील स्तेफनाचें घर, हीं त्याचीं उदाहरणें होत. त्या काळचें घर म्हणजे आजीआजोबांपासून पाळण्यांतल्या पोरापर्यंत सर्वांचें एकत्र घर होतें, हें आपल्याकडील वाचकांस निराळें सांगावयास नको. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, सुमारें इ. स. १८० मध्यें, लियोन येथील बिशप संत इरेनेउस ह्यांनीं ख्रिस्ताच्या द्वारें देवामध्यें नवा जन्म पावणाऱ्यांत तान्ह्या बालकांचीही गणना केली आहे. तिसऱ्या शतकांतील पंडित ओरिजेन ह्यांनीं तर ही रीति प्रेषितांपासून चालत आल्याचें म्हटलें आहे.

तथापि ह्या रीतीस आक्षेप घेणाराही त्याच काळीं निघाला, आणि त्याचा आक्षेप आईबापांनीं मनन करण्याजोगा आहे. आफ्रिकेंतील कार्थेज नगरींत राहणारा तेर्तुल्यान ह्यानें सुमारें इ. स. २०० मध्यें बाप्तिस्म्यावर एक लहानसा ग्रंथ लिहिला. लहान मुलांच्या बाबतींत घाई करूं नये, असें त्याचें मत होतें. त्यानें दिलेल्या कारणांत एक असें कीं, जे मुलाच्या वतीनें वचन देतात त्यांना विनाकारण धोक्यांत कां घालावें? ते स्वतः मरण पावले तर वचन अपुरें राहील. आणि मूल पुढें दुष्ट निघालें तर त्यांची फसगत होईल. तेर्तुल्यानाचें हें मत ख्रिस्तसभेनें स्वीकारलें नाहीं. पण त्याच्या लिहिण्यावरून दोन गोष्टी निश्चित कळतात. मुलांस बाप्तिस्मा देण्याची व त्यांच्यासाठीं कोणी जामीन राहण्याची चाल त्या काळीं चालू होती, ही एक. आणि त्या जामिनकीला लोक किती भारी समजत, ही दुसरी. आपल्या गांवांत कोणी सावकाराकडे दुसऱ्यासाठीं जामीन राहिला तर आपली जमीन गहाण पडेल ह्या भीतीनें त्याला झोंप येत नसे. तेर्तुल्यानास धर्मपित्यांच्या बाबतींत तशीच काळजी वाटत होती.

हिप्पोलितुस ह्यांच्या नांवें चालत आलेल्या एका प्राचीन विधिग्रंथांत बाप्तिस्म्याचा क्रम दिलेला आहे. तेथें मुलांस प्रथम पाण्यांत उतरवावें असें सांगितलें आहे. ज्यांना उत्तर देतां येतें त्यांनीं स्वतः द्यावें. ज्यांना देतां येत नाहीं त्यांच्या वतीनें त्यांच्या आईबापांनीं अथवा कुटुंबांतील कोणीं तरी द्यावें. ह्यावरून मुलासाठीं बोलण्याचा पहिला मान व पहिला भार आईबापांचाच होता हें दिसून येईल.

पुढें सुमारें इ. स. २५३ मध्यें फिदुस नांवाच्या बिशपानें प्रश्न काढला कीं, जुन्या करारांतील सुंतेप्रमाणें बाप्तिस्म्यासाठींही आठव्या दिवसाची वाट पाहावी कीं काय. त्यावर कार्थेजचे बिशप संत सिप्रियन व त्यांच्यासह परिषदेस जमलेले ६६ बिशप ह्यांनीं एकमतानें उत्तर दिलें कीं, देवाची कृपा जन्मलेल्या कोणाही मनुष्यापासून दूर ठेवूं नये, मग तान्ह्या मुलापासून तर मुळींच नको.

मोनिका व ऑगस्टीन

एवढें असूनही चौथ्या शतकांत पुष्कळ ख्रिस्ती घरांत बाप्तिस्मा लांबणीवर टाकण्याची चाल पडली. तरुणपणींचीं पापें आधीं होऊन जाऊं द्यावीं, मग एकदांच सर्व धुऊन काढावें, असा हिशेब त्यामागें असे. ह्या चालीचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे संत ऑगस्टीन. त्यांचा जन्म इ. स. ३५४ मध्यें आफ्रिकेंतील तागास्ते ह्या गांवीं झाला. माता मोनिका ह्यांनीं त्यांच्यावर बालपणींच क्रुसाची खूण करविली होती. लहानपणीं पोटाच्या दुखण्यानें ते मरणोन्मुख झाले, तेव्हां त्यांनीं बाप्तिस्मा मागितला व तयारीही झाली. परंतु दुखण्यास उतार पडतांच तो बेत मागें पडला. पुढें तारुण्यांतील भटकंतीनंतर इ. स. ३८७ च्या ईस्टरच्या रात्रीं मिलान येथें संत आंब्रोज ह्यांच्या हातून त्यांस बाप्तिस्मा मिळाला. त्या वेळीं त्यांचें वय ३२ वर्षांचें होतें. आपल्या आत्मकथेंत त्यांनीं त्या बालपणींच्या दिरंगाईविषयीं खेद प्रगट केला आहे.

हेच ऑगस्टीन पुढें हिप्पो येथील बिशप झाले. तेव्हां बोनिफास नांवाच्या एका बिशपानें त्यांस एक अडचण विचारली. मूल मोठें होऊन सज्जन निघेल कीं चोर निघेल हें कोणालाच ठाऊक नसतें. असें असतां त्याला उचलून आणणारे 'हा देवावर विश्वास ठेवतो' असें त्याच्या वतीनें कसें म्हणूं शकतात? ऑगस्टीन ह्यांनीं दिलेल्या उत्तराचा आशय असा कीं, बालकास ज्यांच्या हातांवर आणलें जातें तेवढेच त्यास देवापुढें ठेवीत नाहींत. संतांचा व विश्वासणाऱ्यांचा अवघा समाज त्यास देवापुढें ठेवतो. विश्वासाचा संस्कार घेतल्यानें तें बालक विश्वासणारें होतें, जरी त्यास अजून समज आलेली नसते. आईबाप नसलेल्या टाकून दिलेल्या पोरांसही धर्मशील कुमारिका उचलून बाप्तिस्म्यास आणीत, असें त्याच पत्रांत नमूद आहे. म्हणजे ज्यास कोणी नाहीं त्यास ख्रिस्तसभा आई होई.

ह्यांतून बालकाच्या बाप्तिस्म्याचा अर्थ उघड होतो. हें दान आहे. मुलानें तें कमावलेलें नसतें. ज्याप्रमाणें मूल आपला जन्म, आपली भाषा व आईचें दूध मागून घेत नाहीं, त्याप्रमाणेंच देवाचें पुत्रत्वही त्यास न मागतां लाभतें. मूळपापाची क्षमा होते, पवित्र आत्म्याची कृपा मिळते, ख्रिस्ताच्या शरीरांत तें जोडलें जातें, आणि आत्म्यावर जी खूण उमटते ती पुढें कितीही पाप झालें तरी पुसली जात नाहीं. म्हणूनच बाप्तिस्मा दुसऱ्यांदा देतां येत नाहीं. परंतु बीज पेरलें म्हणजे पीक आलें असें कोणताही शेतकरी म्हणत नाहीं. संत ऑगस्टीन ह्यांच्यानंतर शंभर वर्षांनीं झालेले आर्ल येथील बिशप संत सेझारियुस ह्यांनीं आईबापांस व धर्मपित्यांस वारंवार बजाविलें कीं, विश्वासांगीकार व प्रभूची प्रार्थना तुम्ही स्वतः पाठ करा आणि मुलांसही शिकवा. तुम्ही त्यांचे जामीन आहां.

आईबाप मागें पडले

पुढील शतकांत युरोपांतील बहुतेक राष्ट्रें ख्रिस्ती झालीं. प्रौढांस बाप्तिस्म्यासाठीं दीर्घकाळ शिकविण्याची जुनी व्यवस्था हळूहळू बंद पडली, व जवळजवळ सर्वच बाप्तिस्मे तान्ह्या मुलांचे होऊं लागले. इ. स. ८१३ मध्यें मायन्त्स येथील परिषदेनें आईबापांनीं आपल्याच मुलांचे धर्मपिता अथवा धर्ममाता होऊं नये असा नियम केला. मुलास देहाच्या आईबापांखेरीज आत्म्याचेही आईबाप लाभावे हा हेतु चांगला होता. पण कालांतरानें व्यवहारांत असें झालें कीं, विधीमध्यें आईबापांस बोलावयास कांहींच उरलें नाहीं. इ. स. १६१४ च्या रोमन विधिग्रंथांत धर्मगुरु प्रश्न विचारी तो तान्ह्या मुलास उद्देशून, आणि उत्तर देत ते धर्मपिता व धर्ममाता. बाप एका बाजूस उभा राही. मुलें फार दगावत असल्यामुळें जन्मानंतर दोनचार दिवसांतच मूल देवळांत नेत. तेव्हां बाळंतीण घरींच असे. आपल्याकडेही वडील माणसें सांगत असत कीं, पोटच्या पोराचा बाप्तिस्मा आईनें पाहिलेला नसे.

ह्याच मध्यंतरींच्या काळांत विरोधही उठला. इ. स. १५२५ मध्यें झ्यूरिक येथें कांहीं लोकांनीं बालकांचा बाप्तिस्मा खोटा ठरवून मोठ्या माणसांस पुन्हा बाप्तिस्मा दिला. ज्यास विश्वास म्हणजे काय हें कळत नाहीं त्यास विश्वासाचा संस्कार कसा द्यावा, असा त्यांचा सवाल होता. त्रेंत येथील महासभेनें इ. स. १५४७ मध्यें बालकांचा बाप्तिस्मा खरा व पूर्ण असल्याचें ठामपणें शिकविलें. शिवाय इ. स. १५६३ मध्यें धर्मपिता व धर्ममाता ह्यांचीं नांवें धर्मगुरूनें पुस्तकांत नोंदवावीं असा नियम केला, कारण त्या नात्यामुळें आपसांतील विवाहास बंदी येत असे. महासभेनें तत्त्वाचें उत्तर दिलें. परंतु त्या सवालाला व्यवहारांतील उत्तर एकच आहे, आणि तें कोणतीही महासभा देऊं शकत नाहीं. तें प्रत्येक घरानेंच द्यावें लागतें. ज्या घरांत बाप्तिस्म्यानंतर प्रार्थना नाहीं, शिक्षण नाहीं, उदाहरण नाहीं, तें घर त्या आक्षेपकांच्याच बाजूनें साक्ष देत असतें.

आईबापांचा हक्क

आईबापांचा भार जसा मोठा, तसा त्यांचा हक्कही मोठा आहे. तेराव्या शतकांत संत थॉमस आक्विनास ह्यांनीं स्पष्ट लिहिलें कीं, ख्रिस्तेतर आईबापांच्या मुलांस त्यांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा देणें हें नैसर्गिक न्यायाला सोडून आहे. कारण समज येईपर्यंत मूल आईबापांच्या छायेखालीं असतें. ही शिकवण सर्वत्र पाळली गेली असें मात्र म्हणतां येत नाहीं. इ. स. १५५९ मध्यें पोर्तुगालच्या राजाच्या नांवें निघालेल्या कायद्यानें गोव्यांत हिंदु अनाथ मुलांस ताब्यांत घेऊन बाप्तिस्मा देण्याची तजवीज करण्यांत आली. आपल्या इतिहासांतील हें पान झांकून ठेवण्यानें कोणाचेंही भलें होणार नाहीं. राजसत्तेनें पाणी घालतां येतें. पण राजसत्ता जामीन राहूं शकत नाहीं. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें इ. स. १९६५ मध्यें धर्मस्वातंत्र्याची घोषणा करून धर्माच्या बाबतींत कोणावरही जबरदस्ती होऊं नये असें शिकविलें. आज चालू असलेल्या धर्मनियमांप्रमाणेंही, प्राणसंकट नसतां, आईबापांपैकीं निदान एकाच्या संमतीवांचून मुलाचा बाप्तिस्मा करतां येत नाहीं.

आमच्या किनाऱ्यावरील साक्ष

संत फ्रान्सिस झेवियर इ. स. १५४२ मध्यें गोव्यास उतरले व त्याच वर्षीं दक्षिणेकडील मच्छीमार किनाऱ्यावर गेले. तेथें त्यांनीं इतक्या जणांस बाप्तिस्मा दिला कीं हात दमून जात. परंतु त्यांच्या पत्रांत ह्याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. ते मुलांस प्रार्थना व आज्ञा त्यांच्या भाषेंत शिकवीत आणि घरीं जाऊन आईबापांस व शेजाऱ्यांस शिकवा असें सांगत. पाणी देवळांत, पण पाठ घरांत, हा त्यांचा क्रम होता.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आले. नव्यानें बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांस पूर्वींच्या पुराणांच्या जागीं आपल्या भाषेंत वाचावयास व ऐकावयास कांहीं हवें होतें. त्यांच्यासाठीं फादर स्टीफन्स ह्यांनीं सुमारें ११,००० ओव्यांचें 'क्रिस्तपुराण' मराठींत रचलें. तें इ. स. १६१६ मध्यें छापून प्रसिद्ध झालें. एका परदेशी धर्मगुरूनें मराठी ओवीचा आश्रय कां केला? घरांत जी भाषा बोलली जाते त्या भाषेंत जो धर्म उतरत नाहीं तो दुसऱ्या पिढीपर्यंत पोंचत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

ह्या धर्माची पारख वसईंत झाली. इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसईचा किल्ला घेतला व उत्तर कोंकणांतील पोर्तुगीज अंमल संपला. युरोपीय मठवासी बहुतांशीं निघून गेले, मठ व विद्यालयें ओस पडलीं, व लोकांच्या आत्म्यांचा भार थोड्याशा देशी धर्मगुरूंवर येऊन पडला. ज्या सत्तेच्या आश्रयानें धर्म आला ती सत्ता गेली. म्हणून धर्मही जाईल असें कोणास वाटलें असतें तर नवल नव्हतें. पण वसईच्या वाड्यांतून, साष्टीच्या गांवांतून, कोळीवाड्यांतून तो टिकला. कोठल्याही सरकारी दफ्तरांत ज्यांचीं नांवें नाहींत अशा आयांनीं व आज्यांनीं संध्याकाळीं क्रुसापुढें मुलांस गुडघे टेकावयास लाविलें, हें त्याचें मोठें कारण होय.

पुढें अहमदनगर जिल्ह्यांतही असाच प्रसंग आला. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनीं गोरगरिबांच्या वस्त्यांतून ख्रिस्ती समाज उभे केले. पहिल्या महायुद्धांत ह्या धर्मगुरूंस शत्रुराष्ट्राचे म्हणून अटकेंत ठेवून नंतर देशाबाहेर पाठविण्यांत आलें. कालपरवां बाप्तिस्मा झालेल्या त्या गांवांत धर्माची ज्योत संभाळण्याचा भार थोड्या उरलेल्या धर्मगुरूंबरोबर गांवचे मास्तर व घरचीं माणसें ह्यांजवर आला.

वसई ते नागासाकी

आईबापांच्या वचनाची सर्वांत मोठी साक्ष मात्र दूर जपानांत आहे, आणि तिचा धागा वसईस येऊन पोंचतो. संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म सुमारें इ. स. १५५७ मध्यें वसईस झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज व आई ह्या देशची होती. वसईस येशूसंघीयांच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें; तरुणपणीं ते जपानास गेले, तेथील भाषा शिकले, व्यापार केला, आणि पुढें मनिला येथें संत फ्रान्सिसच्या संघांत बंधु म्हणून दाखल झाले. इ. स. १५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस नागासाकी येथील टेंकडीवर २६ जणांस क्रुसावर चढविण्यांत आलें, त्यांत वसईचे गोन्सालो होते. इ. स. १८६२ मध्यें पोप नववे पायस ह्यांनीं त्यांस संतपद दिलें.

त्यानंतर जपानांत काय घडलें तें प्रत्येक ख्रिस्ती आईबापांनीं मुलांस सांगण्याजोगें आहे. इ. स. १६१४ मध्यें तेथील सत्ताधाऱ्यांनीं ख्रिस्ती धर्मास देशभर बंदी केली व धर्मगुरूंस हांकलून दिलें. लपून राहिलेले धर्मगुरु एकामागून एक पकडले गेले, आणि इ. स. १६४४ च्या सुमारास शेवटचा धर्मगुरुही मारला गेला. मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, देऊळ नाहीं, ग्रंथ नाहीं. एक बाप्तिस्मा तेवढा उरला, कारण प्रसंगीं तो साध्या प्रापंचिक मनुष्यासही देतां येतो. नागासाकीजवळच्या खेड्यांतून एक जण सणांची दिनदर्शिका संभाळी, व एक जण मुलांस बाप्तिस्मा देई. हें काम पिढ्यान् पिढ्या चाललें. मंत्राचे शब्द तोंडपाठ करून पुढच्यास दिले जात. कांहीं ठिकाणीं ते कालमानानें बिघडलेही. मुलास बाप्तिस्मा देणें म्हणजे त्याच्या मानेवर तरवार टांगून ठेवणें, हें त्या आईबापांस पक्कें ठाऊक होतें; तरीही त्यांनीं मूल पुढें केलें.

इ. स. १८६५ च्या मार्चच्या १७ तारखेस नागासाकी येथें परदेशी लोकांसाठीं नुकत्याच बांधलेल्या देवळांत उराकामी गांवचीं कांहीं माणसें भीत भीत आलीं, व त्यांनीं फादर पेतिजाँ ह्यांजवळ आपण ख्रिस्ती असल्याचें हळूच सांगितलें. सुमारें २२० वर्षें धर्मगुरूचें तोंड न पाहतां त्यांचा धर्म जिवंत राहिला होता. त्यानंतरही छळ झाला. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक ख्रिस्ती लोकांस हद्दपार केलें, व त्यांपैकीं शेंकडों परत आले नाहींत. इ. स. १८७३ मध्यें एकदांची बंदी उठली. वसईच्या सुपुत्रानें जेथें रक्त सांडलें तेथें सात आठ पिढ्या आईबापांनीं आपलें वचन पाळलें.

आजचा विधि व आजचा भार

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें इ. स. १९६३ मध्यें बालकांच्या बाप्तिस्म्याचा विधि सुधारावा, तो बालकांच्या खऱ्या स्थितीस अनुरूप असावा, व त्यांत आईबापांचें व धर्मपित्यांचें कर्तव्य अधिक स्पष्ट व्हावें, असा निर्णय दिला. त्याप्रमाणें इ. स. १९६९ मध्यें नवा विधि प्रसिद्ध झाला आणि तो लोकभाषेंत होऊं लागला. आतां धर्मगुरु प्रथम आईबापांस विचारतात: मुलाचें नांव काय ठेवलें? त्याच्यासाठीं ख्रिस्तसभेपाशीं काय मागतां? त्यास विश्वासांत वाढविण्याची जबाबदारी आपण पत्करीत आहां, हें आपणांस समजतें ना? त्यानंतर आईबाप मुलाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात, स्वतः पापाचा धिक्कार करून विश्वास प्रगट करतात, आणि ईस्टरच्या मेणबत्तीवरून मुलाची मेणबत्ती पेटविली जाते. हजार वर्षांपूर्वीं जे एका बाजूस सरले होते ते आईबाप अशा रीतीनें पुन्हा आपल्या मूळ जागीं आले.

इ. स. १९८३ च्या धर्मनियमांत हा भार तपशीलवार सांगितला आहे. जन्मानंतर पहिल्या कांहीं आठवड्यांतच बाप्तिस्मा व्हावा. त्यासाठीं आईबापांनीं जन्मापूर्वींही धर्मगुरूंस भेटून तयारी करावी. मूल कॅथलिक धर्मांत वाढेल अशी सकारण आशा असावी. ती मुळींच नसेल तर बाप्तिस्मा पुढें ढकलावा. हा नकार अथवा शिक्षा नव्हे. उसना शब्द घेण्यापेक्षां खरा शब्द येईपर्यंत थांबणें, एवढाच त्याचा अर्थ. धर्मपिता अथवा धर्ममाता सोळा वर्षें पूर्ण झालेली, दृढीकरण व ख्रिस्तप्रसाद स्वीकारलेली व धर्माप्रमाणें चालणारी कॅथलिक व्यक्ति असावी. ख्रिस्ती भावनेस विसंगत नांव मुलास ठेवूं नये.

ह्या नियमांच्या आरशांत आपण आपलें तोंड पाहिलें पाहिजे. बाप्तिस्म्याच्या दिवशीं मंडप, बँडबाजा व जेवणावळ ह्यांची तयारी महिनाभर चालते, पण विधींतील प्रश्न आधीं वाचून पाहणारे आईबाप थोडे. धर्मपिता निवडतांना त्याचा विश्वास पाहावा कीं त्याची परदेशांतली नोकरी? बाप्तिस्म्याचा दाखला शाळेंतील प्रवेशाच्या वेळींच आठवावा काय? मुलाच्या हातीं अक्षरें गिरविण्यासाठीं पाटी देतांना आपण शिक्षकाच्या भरंवशावर सर्व सोडीत नाहीं, घरीं बसून गिरवून घेतों. मग क्रुसाची खूण, 'हे आमच्या स्वर्गांतील बापा', 'नमो मरिया' व विश्वासांगीकार एवढें तरी मुलानें आईच्या मांडीवर शिकावें, हें फार मागणें नव्हे. ज्या घरीं संध्याकाळीं जपमाळ होते, बाप रविवारीं मिस्सा चुकवीत नाहीं, भांडण झाल्यावर नवराबायको एकमेकांस क्षमा करतात, मजुरास त्याची मजुरी वेळेवर मिळते, त्या घरच्या मुलास प्रश्नोत्तरी शिकविणें सोपें जातें. कारण ती त्यानें आधींच पाहिलेली असते.

आणखी एक कर्तव्य प्रत्येक घरानें शिकून ठेवावें. मूल मरणाच्या दारीं असेल व धर्मगुरु वेळेवर येण्याचा संभव नसेल, तर कोणीही त्याच्या डोक्यावर पाणी घालीत, 'मी तुला पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नांवानें बाप्तिस्मा देतों' असें म्हणून बाप्तिस्मा देऊं शकतो, व मग धर्मगुरूंस कळवून नोंद करावी. इ. स. १६१४ च्या विधिग्रंथानें हें विशेषतः सुइणींस शिकवावें असें धर्मगुरूंस सांगितलें होतें. आतां प्रसूति रुग्णालयांत होतात, म्हणून हें आईबापांस व परिचारिकांस ठाऊक हवें. आणि ज्या आईबापांचें मूल बाप्तिस्म्यापूर्वींच दगावलें त्यांनीं आशा सोडूं नये. इ. स. २००७ मध्यें रोम येथील आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र-मंडळानें पुष्कळ विचारांतीं असें म्हटलें आहे कीं, अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास भक्कम कारणें आहेत. मुलांना आपल्याजवळ येऊं द्या असें ज्या प्रभूनें सांगितलें, त्याच्या दयेवर आपण त्यांस सोंपवावें.

कांहीं आईबापांचें दुःख निराळें असतें. त्यांनीं सर्व कांहीं केलें, तरी मूल मोठें होऊन देवळाची वाट विसरलें. त्यांनीं मोनिकेकडे पाहावें. सतरा वर्षांहून अधिक काळ तिनें अश्रु ढाळून पुत्रासाठीं प्रार्थना केली, व मरणापूर्वीं कांहीं महिनेच त्याचा बाप्तिस्मा पाहिला. आपल्या मुलांवर तर ती खूण आधींच उमटलेली आहे. ती पुसण्याची शक्ति जगांत कोणाजवळ नाहीं. जामीन राहिलेल्या मनुष्यानें आशा सोडावयाची नसते.

बंधुभगिनींनो, आपल्या ह्या देवळाच्या भिंती उभारण्यास पैका लागला व श्रम लागले, आणि ज्यांनीं ते दिले त्यांचे आपण ऋणी आहों. पण जपानांत देऊळ नसतां धर्म सव्वादोनशें वर्षें राहिला, आणि प्राचीन काळीं ऑगस्टीनच्या आफ्रिकेंत शेंकडों देवळें असतांही पुढें तो जवळजवळ नाहींसा झाला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुढील ज्युबिलीस ह्या देवळांत कोण गुडघे टेकतील, हें आज घरोघरीं पाळण्याची दोरी ओढणारे हात ठरवीत आहेत. आपल्या आईबापांनीं आपल्यासाठीं जें वचन दिलें त्याबद्दल आपण देवाचे आभार मानूं या. जे आज हयात नाहींत त्यांच्या आत्म्यांस शांति मागूं या. आणि आपण स्वतः ज्यांच्यासाठीं बोललों त्या प्रत्येक लेंकराचें नांव घेऊन आज रात्रीं घरच्या क्रुसापुढें एकदां प्रार्थना करूं या. ज्या देवानें हें कार्य आपल्यामध्यें आरंभिलें तोच तें सिद्धीस नेवो. आमेन.